कुरणवाडीचा लढाईचा दगड

१७ मार्च १९५७, रविवार

आज कुरणवाडीचा लष्करी इतिहास प्रथमच जनतेला दाखवण्यात आला. जनता म्हणजे पिंपरीच्या औषधाच्या कंपनीतले आठ-दहा लोक, सायकलींवरून आलेले. इतिहास दाखवायचा तुम्हाला काय अधिकार, असं सरपंच रंगरावांनी परवा चावडीवर विचारलं होतं. मी म्हणालो, उभी हयात लष्करी डेपोत गेली आहे. तिथे मी ब्लँकेटं मोजत होतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण ब्लँकेटं झाली तरी लष्करीच.

सुरुवात मारुतीच्या देवळामागच्या वीरगळापासून केली. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला उचलून नेतायत, वरच्या पट्टीत वीर महादेवापुढे बसलेला. बायांनी तिन्ही पट्ट्यांवर इतका शेंदूर थापलाय की लढाई, अप्सरा आणि महादेव आता एकाच रंगात सुखाने नांदतात. मग चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी. तिच्यावर निवडणुकीचं पत्रक डकवलेलं होतं. उमेदवाराचं नाक खरवडून काढल्यावर अक्षरं दिसली: ‘या गावातून २६ माणसे १९१४-१९ च्या महायुद्धात गेली. त्यांपैकी ४ कामास आली.’ नाव एकाचंही नाही. साहेबाने माणसं मोजली, मी ब्लँकेटं मोजत होतो तशी.

लोक खूश दिसले. दोघांनी फोटो काढले. एक जण वीरगळाला टेकून झोपला होता, त्याला उठवून परत पाठवला.

२४ मार्च, रविवार

जनता घटली. आज एकटे उद्धवराव आले. हे कंपनीत फिटर आहेत, मराठवाड्यातले, पस्तिशीचे, विधुर. मीरासाहेबांच्या सायकल दुकानामागे खोली घेऊन राहतात. इतिहासाची गोडी अशी की गेल्या खेपेला जे ऐकलं तेच पुन्हा ऐकायला आले.

वीरगळापाशी त्यांनी विचारलं, “वीराला अप्सरा घेऊन गेल्या म्हणायलाव. मग त्याच्या बायकोचं काय झालं? ती कुठं हाय ह्या दगडावर?”

प्रश्न अभ्यासू आहे. म्हणालो, तिला जागा नसेल पुरली.

नंतर आमच्या ओसरीवर बसून पाणी प्यायले. कौशल्या तांब्या घेऊन आली. तांब्या संपला, त्यांनी दुसरा मागितला. कंपनीत भट्टीजवळ काम असावं.

कौशल्या आमची सून. ज्योतीराम बेचाळीस साली लग्न करून सहा महिन्यांत पलटणीत गेला. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशातून तार आली, ‘बेपत्ता, बहुधा ठार.’ तार मीच वाचून दाखवली. आमच्या दुर्गाबाईंनी पहिला शब्द ऐकला आणि पुढचे दोन आजतागायत ऐकलेले नाहीत. रोज संध्याकाळी त्या ज्योतीच्या नावाची एक भाकरी जास्त थापतात आणि दुरडीत झाकून ठेवतात. सकाळी ती खंड्याला मिळते. तेरा वर्षांत आमच्याकडे खंड्या नावाची तीन कुत्री झाली आणि तिन्ही रंगरावांसारखी फुगली. कौशल्या कुंकू लावते, मंगळसूत्र घालते, हिरव्या बांगड्या भरते. या विषयावर घरात कोणी बोलत नाही. मी तर मुळीच नाही.

२९ मार्च

फोटोंचा परिणाम भलताच झाला. पाटीचे फोटो निघतात म्हटल्यावर रंगरावांना आपल्या वडिलांची आठवण झाली. आता नावांसकट नवा दगड उभारायचा, दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांचा. अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या दिवशी, अनावरण. मी चिटणीस.

रंगरावांचे वडील पहिल्या लढाईत गेले होते हे खरं, पण खेचरं हाकायला. इराकात, बसऱ्याला, त्यांना एका खेचराने लाथ मारली. वडील मेले ते एकोणीसशे एकतीस साली, एका लग्नात बासुंदी खाऊन.

“लाथ मुळाशी होती,” रंगराव म्हणाले. “तवापास्नं त्यांचं पोट धड न्हवतं.”

मी विचारलं, “मग खेचराचं नाव घालायचं का शत्रू म्हणून?”

सभा तहकूब झाली.

३ एप्रिल

कामी आलेल्या चौघांची नावं शोधायला निघालो. त्यांतला एक मीरासाहेबांचा बाप, त्यामुळे ते नाव बसल्या जागी मिळालं. दोघांची नावं भाऊबंदांनी दिली. चौथा शालनबाईंचा नवरा. त्याच्या बाजूचं कोणी उरलेलं नाही, नाव माहीत असलेली एकटी शालनबाईच. आणि नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही.

कौशल्याला बरोबर नेलं होतं, म्हातारीला कमी ऐकू येतं म्हणून.

“नाव सांगा, शालनबाई. दगडावर घालायचंय.”

“मी कशी सांगू? धनी हायती.”

“ते जाऊन चाळीस वर्षं झाली.”

“म्हणून काय धनी न्हाईत?”

शेवटी खूण दिली, रामाच्या धाकट्या भावाचं नाव. मी म्हणालो भरत. नाही म्हणून मान हलली. शत्रुघ्न. म्हातारी हसायला लागली, शत्रुघ्न नावाच्या माणसाला पोरगी कोण देतंय. म्हणजे लक्ष्मण. पण मी नुसता अंदाजाने इतिहास लिहीत नाही, तिच्या तोंडून हवा होता. एव्हाना शेजारच्या बाया जमल्या होत्या. त्यांनी म्हातारीला उखाण्यात नाव घ्यायला लावलं. पदर सारखा करून तिने घेतलं:

“आगबोटीनं गेले साहेबाच्या लढाईला,
लक्ष्मणरावांचं नाव देते दगडाच्या घडाईला.”

मी टोपी काढून परत घातली. परतताना कळलं की ती विधवा झाली तेव्हा अठरा वर्षांची होती. दिराने पाट लावायचं काढलं होतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, कोणी नावं ठेवत नाही. तिने नको म्हटलं.

वाटेत कौशल्या म्हणाली, “मामंजी, त्यास्नी इचारलं तरी व्हतं. नको म्हनायला.”

मी म्हणालो, हो, तेव्हाचे लोक बरे होते.

७ एप्रिल, रविवार

उद्धवरावांना घेऊन चाकणच्या किल्ल्यावर गेलो. जाताना एसटी, येताना कांद्याच्या गाडीत. किल्ला आहे, पण आधी कोणाला तरी विचारावं लागतं की कुठे आहे. खंदकात बाभळी, बुरुजावर शेळ्या. तरी मी उभा राहून सगळं सांगितलं. शाएस्तेखान कुठून आला, आतले मूठभर लोक पावसाळ्यात कसे झुंजले, सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा माणसं कशी उडाली. बोलताना अंगावर काटा आला. शेळ्यासुद्धा थांबल्या होत्या.

उद्धवराव म्हणाले, “लई छान सांगायलाव. एक इचारू का? तुमच्या दगडावर तुमच्या पोराचं नाव हाय का?”

“नाही.”

“आसं,” ते म्हणाले आणि बराच वेळ खंदकात खडे टाकत बसले. माझ्या दुःखाची त्यांना इतकी कदर असेल असं वाटलं नव्हतं. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे पाणी. पाणी देऊन कौशल्या आत जायची ती दाराशी उभी राहून किल्ल्याची हकिगत ऐकत होती. घरातही इतिहासाची आवड लागते आहे.

१२ एप्रिल

समितीत भांडण. दुसऱ्या लढाईतली नावं वाचताना रंगराव म्हणाले, “चिटणीस, तुमचा ज्योतीराम ऱ्हायला.”

मी म्हणालो, तो बेपत्ता आहे.

“तेरा वर्सं? सात वर्सं पत्त्या न्हाई म्हंजे गेला, असा कायदाच हाय. माझ्या बापाला तुमी खेचरावरनं अडवताय आन् सोताच्या पोराला सोडताय?”

मी कागद गुंडाळून घरी आलो. दुर्गाबाई भाकऱ्या थापत होत्या. रंगरावांचं बोलणं त्यांच्या कानावर माझ्याआधी पोचलं होतं, आमच्या गावात बातमीला पाय लागत नाहीत.

“माझा पोरगा दगडावर जायाचा न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्यो आला आन् सोताचं नाव वाचलंन तर काय म्हनंल?”

जास्तीची भाकरी दुरडीत गेली.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुर्गाबाईंसाठी आणि त्याहून जास्त कौशल्यासाठी. नाव कोरलं की दुसऱ्या दिवशी तिने कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. माझ्या छिन्नीने मी सुनेचं कपाळ पांढरं करणार नाही. लोक मला वाटेल ते म्हणोत.

१४ एप्रिल, रविवार

आज उद्धवराव आले नाहीत. वीरगळापाशी मी एकटाच उभा होतो. सवय म्हणून खालची पट्टी स्वतःलाच समजावून सांगितली.

दुपारी कौशल्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. खाली मान घालूनच म्हणाली, “मामंजी, समद्या बायास्नी इचारलंत. मला न्हाई इचारलंत.”

“काय विचारायचं?”

ती शेंगा फोडत राहिली. मग माझ्या लक्षात आलं. पोर घाबरली असणार, समितीने जोर केला तर नाव जाईल म्हणून. मी तिला सांगितलं, “कौशल्या, काळजी करू नकोस. मी आहे तोवर तुझं कुंकू त्या दगडावर जाणार नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “व्हय,” म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. समाधानाने तिला बोलता आलं नसावं. संध्याकाळच्या आमटीत मिठाचा खडा दोनदा पडला होता.

२२ एप्रिल

पाथरवट दत्तोबा कामाला बसला आहे. चावडीपुढे दिवसभर टाकीचा टकटकाट. रंगरावांशी तडजोड झाली. त्यांच्या वडिलांचं नाव मागच्या बाजूला, ‘लढाईत मदत केलेले’ या मथळ्याखाली. त्या मथळ्याखाली तेवढं एकच नाव आहे. खेचर वगळलं.

मीरासाहेबांकडे सायकलची चेन बसवायला गेलो होतो. त्यांच्याकडून कळलं की उद्धवराव खोली सोडतायत, पिंपरी कॅम्पात जागा बघितली आहे. मी हळहळलो. म्हणालो, “अख्ख्या पंचक्रोशीत इतिहासाचं वेड असलेला एकच माणूस होता.”

मीरासाहेबांनी चेन तशीच हातात धरली. “हिंदुराव, तुमी वीरगळ वाचता, पाटी वाचता, चाकणचा पडका बुरूज वाचता. ओसरीवरला मानूस तुमाला वाचता येत न्हाई काय?”

“म्हणजे?”

“म्हंजे काय न्हाई. दीड आना द्या.”

म्हटलं, नवे पैसे सुरू झालेत, दीड आण्याचे नऊ होतात. त्यावर त्यांचं म्हणणं दहा होतात. त्या वादात मूळ विषय राहून गेला.

२६ एप्रिल

झालं तसं लिहितो.

सकाळी चावडीपुढे मी, दत्तोबा, मीरासाहेब आणि रंगराव होतो. शेवटचं नाव कोरून झालं होतं. दत्तोबा विचारत होता की खाली एवढी जागा उरली आहे, तिथे फूल कोरू की चंद्र-सूर्य. कौशल्या समोरून आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. बाई माणूस चावडीपुढे कामाशिवाय थांबत नाही, म्हणून मला वाटलं घरी काहीतरी झालं.

ती दत्तोबाला म्हणाली, “एक नाव ऱ्हायलंय.”

दत्तोबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “अगं, राहिलेलं नाही. घरी जा.”

“कुनाचं?” दत्तोबाने तिला विचारलं. बिचाऱ्याला काय माहीत.

मला वाटलं आता ती खूण सांगेल, नाहीतर उखाणा घेईल, नाहीतर रडेल. ती सरळ उभी राहिली आणि भर चावडीपुढे, दगडाकडे बघत म्हणाली, “ज्योतीराम हिंदुराव बोराटे.”

नवऱ्याचं नाव. आणि सासऱ्याचंही, सासरा समोर उभा असताना. पंधरा वर्षं माझ्या घरात आहे, या दोन्हींतलं एकही नाव तिच्या ओठावर कधी आलं नव्हतं. ‘हिंदू’ म्हणायची वेळ आली तरी ती ‘आपल्यातले’ म्हणायची. रंगरावांच्या हातातली विडी खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

ती माझ्याकडे वळली. “मामंजी, तुमी माझं कुंकू राखलंत. पर मी त्याचं काय करू, ते कुनी इचारलं न्हाई. तार येऊन मला तेरावं वरीस सरून चौदावं लागलं. मी ना सवाष्ण, ना रांड. शालनबाई ‘नको’ तरी म्हनाल्या.”

मीरासाहेब दुसरीकडे बघायला लागले. आणि मग मला ते सगळे तांबे आठवले. भट्टी नव्हती, इतिहास नव्हता. माणूस दर रविवारी पाणी प्यायला येत होता आणि मी त्याला शाएस्तेखान पाजत होतो.

दत्तोबा म्हणाला, “काय करू, चिटणीस?”

मी म्हणालो, “कोर.”

टाकीचा पहिला घाव बसला तेव्हा मी तिथे थांबलो नाही. देवळामागे जाऊन वीरगळापाशी बसलो. चाकणच्या बुरुजावर कोण कुठे पडला ते मी शेळ्यांना सांगत फिरतो. माझा ज्योती कुठे पडला, कोणत्या झाडाखाली, कोणी त्याला उचलला की नाही, मला ठाऊक नाही. तेरा वर्षं मी दुसऱ्यांच्या लढाया पाठ केल्या. आज पोटभर रडलो. शेंदूर धोतराला लागला.

२७ एप्रिल

दुर्गाबाई जेवल्या नाहीत. कौशल्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या नाहीत, खंड्याशी मात्र बराच वेळ बोलत होत्या. कौशल्याने चूल सांभाळली. भाकऱ्या झाल्यावर तिने नेहमीची जास्तीची भाकरीही थापली आणि दुरडीत झाकून ठेवली. दुर्गाबाईंनी ते पाहिलं.

२९ एप्रिल

दुपारी दुर्गाबाई दिसेनात. शोधत चावडीवर गेलो. दगडापुढे मांडी घालून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. दत्तोबाला विचारून कुठली ओळ ते समजून घेतलं होतं आणि बोटाने एकेक अक्षर चाचपत होत्या. मी शेजारी बसलो.

“ह्ये पयलं काय हाय?”

“ज्यो.”

“वाकडं आलंय.”

“जरा आलंय.”

“चालंल,” त्या म्हणाल्या. “त्योबी वाकडाच व्हता. बाप म्हनून तुमचं कधी ऐकलंन का त्यानं?” मग त्यांनी पदर तोंडाला लावला. चावडीवरची मंडळी उठून गेली, अगदी रंगरावसुद्धा. एवढी माणुसकी मी त्यांच्याकडून धरली नव्हती.

घरी येताना त्यांनी मला विचारलं, “त्यो पानीवाला कुठं गेला?”

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. गावात न कळलेला मी एकटाच.

अक्षय्य तृतीया

अनावरण झालं. रंगराव सव्वा तास बोलले, त्यात एक तास वडील. खेचराचं नाव सुलतान होतं, ही नवी माहिती मिळाली. शालनबाईंनी लक्ष्मणरावांवर हळद-कुंकू वाहिलं, मीरासाहेबांनी बापाच्या नावावरून हात फिरवला. मी भाषण केलं नाही. नावं वाचली. ज्योतीरामाचं नाव वाचताना आवाज चिरकला, तो चिरकू दिला.

पितरांना पाण्याची केळी, म्हणजे भरलेला मातीचा घट, द्यायचा दिवस. इतकी वर्षं आम्ही ज्योतीची केळी मांडत नव्हतो. आज दुर्गाबाईंनी इतरांच्या शेजारी तीही मांडली. कौशल्याने आरशासमोर जाऊन कुंकू पुसायला हात उचलला तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. सारखं पुसायचं आन् लावायचं, कपाळ सोलून निघंल.”

कौशल्याचा हात तसाच राहिला. मग ती सासूच्या गळ्यात पडली. मी ओसरीवर गेलो, कारण मला तिथे काम होतं.

मीरासाहेब संध्याकाळी उद्धवरावांना घेऊन आले. उद्धवराव अंगात इस्त्रीचा सदरा घालून खांबाला टेकून उभे राहिले. मी म्हणालो, बसा. ते बसले. शेवटी मी विचारलं, “वीरगळ बघून यायचं का?”

“नको,” ते म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले. “थोडं पाणी मिळंल का?”

आतून दुर्गाबाई बाहेर आल्या. “नुसतं पानी काय पिताय सारकं? पाट मांडलाय. हात धुवा.”

कौशल्याने ताट आणलं. भाजी, आमटी, कांदा. दुर्गाबाई दुरडी घेऊन आल्या, वरचं फडकं बाजूला केलं आणि आतली भाकरी काढून त्यांच्या ताटात ठेवली.

“मीठ बगा बरं हाय का,” म्हणाल्या.

उद्धवरावांनी भाकरी मोडली. खंड्या बराच वेळ दारात शेपटी हलवत उभा होता, मग तिथेच बसून राहिला.